डिकी हळू लावा

प्रिय ठिणगी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. रक्तदाब जागेवर आहे, गुडघे कुरकुरायचे तेवढेच कुरकुरतात. रोज फोनवर तोंड चालवणारी बाई एकदम कागद-पेन घेऊन का बसली, ते पत्र संपेपर्यंत कळेल. तुझ्या चष्म्याची काडी अजून चिकटपट्टीवरच तरलीय का? परवा म्हणालीस की इंजिनात वाकलं की चष्मा नाकावरून घसरतो आणि तुझे ते दांडगे बसचालक हसू दाबतात. आणि तो मिशीवाला अजून तुला 'सर'च म्हणतो का? म्हणू दे. बाई शिकवायला आली म्हणून डेपो सोडून गेला नाही, हेच खूप झालं. पण नवा चष्मा करू नकोस इतक्यात. का, तेही पुढे येईल.

इकडे आपली ड्रायव्हिंग शाळा बरी चालली आहे. सध्या एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकायला येतात. गतिरोधक दिसला की बाई गाडी पूर्ण थांबवतात आणि मग त्याच्यावरून अशी नेतात, जणू खाली कोणाचं मूल झोपलंय. मागचे लोक हॉर्न वाजवतात, तर काच खाली करून त्यांना म्हणतात, 'गडबड करू नका, सगळ्यांना जायचंय.' मी शेजारी बसून ओठ चावते. पूर्वीची मी असते तर ओरडले असते. गेल्या आठवड्यात गाड्यांच्या दारांवरची ती पाटी पुसट झाली होती, 'दार हळू लावा', ती मी पुन्हा रंगवली. 'हळू' या शब्दाशी आले आणि हात थांबला. पाटी रंगवून बाकीच्यांना शिकवणारी मी! तेव्हाच ठरवलं की तुला लिहायचं. लिहायला मात्र आज उजाडलं.

मागे तू फोनवर म्हणालीस की तिथेच एखादी खोली बघतेयस. ती मिळाली की नवऱ्याला फोन करून सांगणार, मी आता त्या घरात परत येणार नाही. तुझ्या आवाजात कापरं होतं, पण तू म्हणालीस ठाम. मी म्हणाले, 'शाब्बास.' त्या एका शब्दाने मला तेव्हापासून सुखाने बसू दिलेलं नाही. हे पत्र त्या 'शाब्बास'चं आहे.

तू डेपोच्या नोकरीवर निघालीस तो दिवस तुझ्या बाजूने तुला पाठ आहे. माझ्या बाजूने ऐक. त्याची सुरुवात आदल्या दिवशीच्या जेवणात झाली. तुला निरोप द्यायला म्हणून मी शाळेची गाडी घेऊन तुमच्याकडे राहायला आले होते. तू जेवता जेवता बोटाने ताटात रस्ता काढून दाखवत होतीस, इथे वळायचं, इथे पूल, इथे डेपो. तो पेल्यात पाणी ओतत होता. ओतता ओतता म्हणाला, 'उद्या ही गाडी सुरूच झाली नाही तर काय मजा येईल!' तू हसलीस, त्याच्या दंडावर चापट मारलीस. मी हसले नाही. बायकांना मागे ओढणारं वाक्य नेहमी विनोदाचे कपडे घालून येतं, हे मी आयुष्यभर व्यासपीठांवरून सांगत आले. ते खरंच आहे. आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण एखादा विनोद नुसता विनोद असतो, एखाद्या माणसाला बायको जाणार म्हणून आतून तुटत असतं आणि ते त्याला दुसऱ्या कुठल्याही रीतीने बोलता येत नाही, हे माझ्या एकाही भाषणात नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी तुमच्या गॅलरीत उभी होते. खाली आवारात तो तुझ्या गाडीच्या डिकीत कंबरेपर्यंत वाकला होता. डाव्या बाजूचं ते काळं कापडी अस्तर ओढून त्याच्यामागे हात घालून काहीतरी चाललं होतं. मान वर केली, मी दिसले, तसा दचकला आणि डिकी मिटून आत आला. मी ते मनात नोंदवून ठेवलं. जेवतानाचं वाक्य आणि डिकीतला हात, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि झोपले.

सकाळी तुझी मोठी बॅग मीच डिकीत टाकली. तो उचलायला पुढे आला तर म्हणाले, 'राहू द्या, आमच्या मुलीचं ओझं आम्हाला उचलता येतं.' डिकी लावली. तू बसलीस, चावी फिरवलीस. घर्र-घर्र-घर्र. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा फिरवलीस. पुन्हा तेच. बॅटरी उतरली असती तर इंजिन फिरलंच नसतं. सेल्फ जोरात मारतोय आणि गाडी सुरू होत नाही, म्हणजे दोष दुसरीकडे, हे तुला मी तू शाळेत होतीस तेव्हाच शिकवलंय. आणि मग माझे ते लाडके तीन शब्द: हवा, पेट्रोल, ठिणगी. तुझं हे नावसुद्धा त्याच भाषणातून पडलं. 'बायांनो, इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. हवा म्हणजे मोकळीक, पेट्रोल म्हणजे शिक्षण आणि ठिणगी म्हणजे तुमची हिंमत!' किती सभा गाजवल्या मी त्या वाक्यावर.

बॉनेट उघडलं. प्लगची वायर काढून बघितली, ठिणगी निळी आणि दणदणीत. हवेचा फिल्टर स्वच्छ. काटा सांगत होता की टाकी भरलेली आहे. मग तुला म्हटलं, 'चावी अर्धीच फिरव आणि थांब.' अर्ध्या चावीला मागच्या सीटखालून पेट्रोलचा पंप क्षणभर घूं करतो, तो ऐकायचा. आपण दोघींनी श्वास रोखून ऐकलं. काही नाही. पंप गप्प होता. त्याचा फ्यूज काढून बघितला, तो शाबूत. इथपर्यंत माझं काम चोख होतं, पोरी. पुढची पायरीही मला येत होती. पंपाची वायर धरायची आणि करंट कुठे तुटलाय ते बघत बघत मागे जायचं. फार तर अर्ध्या तासाचं काम. पण मी वायर धरली नाही. मी माणूस धरला.

'काल संध्याकाळी डिकीत काय करत होतास?' तुझ्या लक्षात आलं होतं का? करत होता'स'. तुमचं लग्न ठरल्यापासून मी त्याला 'तुम्ही' म्हणत आले. पाठीमागे चष्मेवाला म्हटलं असेल, पण तोंडावर कधी पायरी सोडली नाही. त्या सकाळी चारचौघांत अरे-तुरेवर आले. तो म्हणाला, 'सामान लावत होतो, आई.' मी म्हटलं, 'कसलं सामान?' त्याने तुझ्याकडे बघितलं आणि गप्प राहिला. माझ्यासारख्या बाईला गप्प माणूस दिसला की व्यासपीठ दिसतं. त्यानंतर मी जे सुरू केलं ते तुला आठवत असेलच. गॅलऱ्या भरल्या. लोक दात घासता घासता बाहेर आले. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकू गळ्यात टेप घेऊन दारात उभ्या राहिल्या. मला त्यातला शब्द न् शब्द आठवतो, कारण ते चांगलं भाषण होतं. वाक्याला वाक्य लागत होतं, आवाज लागला होता. 'हातात चावी द्यायची आणि मागून पेट्रोल तोडायचं, ही यांची उदारता!' यावर वरच्या मजल्यावरून कोणीतरी 'वा!' म्हणालं. पंपाचा एवढासा आवाज ऐकायला श्वास रोखणारी मी, समोरच्या माणसाच्या उत्तरासाठी क्षणभरही थांबले नाही. पण ते 'वा' मला स्पष्ट ऐकू आलं.

मग तुला शाळेच्या गाडीत बसवलं आणि स्वतः डेपोपर्यंत सोडलं. निघताना तू मागे वळून बघितलं नाहीस, आणि मला त्याचा अभिमान वाटला. वाटेत तू एकदाच विचारलंस, 'आई, तो असं करेल का गं?' तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मात्र त्यावर डेपोचं फाटक येईपर्यंत बोलत राहिले. तू उतरलीस तेव्हा तुझ्याकडे प्रश्न उरला नव्हता, माझं मत होतं. नंतर त्याचे फोन यायचे आणि तू घ्यायची नाहीस. मला सांगायचीस, 'आज पण आला होता, नाही घेतला.' मी म्हणायचे, 'बरं केलंस.'

याहून वाईट पुढे आहे. त्यानंतरच्या आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत मी ते सगळं उदाहरण म्हणून वापरलं. इंजिन फिरतंय, बाई मरमर राबतेय, पण सुरू होत नाही, कारण कोणीतरी मागे अस्तराआड हात घालून पेट्रोल तोडलंय. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, शिवणवाल्या काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्या थांबेनात. आठवड्याभरात ते त्याच्या चष्म्यांच्या दुकानात पोचलं. गिऱ्हाईक खुर्चीवर बसून अक्षरांचा तक्ता वाचता वाचता म्हणायचं, 'काच नीट बसवा हो, नाहीतर आमचंही पेट्रोल बंद कराल!' हे मला काकूंनीच हसत हसत सांगितलं. आणि मीही हसले, ठिणगी. चांगली खळखळून हसले.

मग एक दिवस त्याचा फोन आला. 'आई, आवाराची भिंत रंगवायची आहे, तुमची गाडी हलवा म्हणतायत. मी तिला हात लावणार नाही. तुम्ही येऊन बघता का?' मी हात लावणार नाही, हे मला गुन्हेगाराचं शहाणपण वाटलं. फोन ठेवताना मी स्वतःशी म्हणालेसुद्धा, आता कसं! इथवर मी पोचले होते.

गेले. भर दुपारची वेळ, आवारात चिटपाखरू नव्हतं. त्याने लांबूनच चावी माझ्या हातात टाकली आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला, दोन्ही हात मागे बांधून. वाळलाय तो. इतके दिवस उभी राहून बॅटरी उतरली होती, म्हणून मी शाळेच्या गाडीची बॅटरी जोडली आणि सगळं पहिल्यापासून केलं. सेल्फ मारतोय. ठिणगी आहे. अर्धी चावी, पंप गप्प. या वेळी ऐकायला वरती गॅलऱ्या भरलेल्या नव्हत्या, म्हणून असेल, मी वायर धरली. मागची सीट उचलली, पंपाशी करंट नाही. वायरीबरोबर मागे मागे गेले ती डिकीत, डाव्या बाजूला, त्याच काळ्या अस्तराशी. मनात म्हटलं, सापडलास.

अस्तर ओढलं. मागच्या खोबणीत एक टॉर्च होती, गाडी ओढायचा दोर, चाकातली हवा बघायचं ते छोटं मीटर आणि एक चष्म्याची कडक डबी. उघडली. तुला आवडते ती निळसर फ्रेम. मी ती हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. तो जागचा न हलता म्हणाला, 'तिचा जास्तीचा आहे. समोरून दिवे आले की तिच्या डोळ्यांवर येतात, म्हणून काच वेगळी घातलीय. ती पोचल्यावर फोनवर सांगणार होतो, डिकीत बघ म्हणून.' मी विचारलं, 'मग त्या दिवशी का नाही बोललात?' तो म्हणाला, 'तुम्ही बोलत होतात.'

एवढंच. टोमणा नव्हता गं त्यात. गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तसं सांगितलं.

त्या खोबणीच्या वर पत्र्याला एक लहानशी डबी बसवलेली होती, तिच्या डोक्यावर बटण. ते वर उसळून आलेलं होतं. गाडीला जोरात धडक बसली तर पेट्रोल आपोआप बंद व्हावं, आग लागू नये, म्हणून काही गाड्यांत असा स्विच असतो. आपल्या शाळेच्या दुसऱ्या गाडीत तो नाही आणि ही आपण शाळेसाठी जुनीच घेतलेली, पुढे तुला दिलेली, त्यामुळे तो तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं. त्याची पट्टी एका बाजूने सैल झाली होती, जरा हादरली तरी डुगडुगत होती. मी बटण दाबलं, अर्धी चावी फिरवली. घूं! पूर्ण फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. त्याने काही केलं नव्हतं, कोणीच काही केलं नव्हतं, यंत्र आहे, बिघडतं कधीतरी. 'यंत्र आहे, चालायचंच,' असं मी त्याला म्हणालेही. आणि त्याच मोकळ्या मनाने, इंजिन चालू असताना, मी डिकी लावली. मी लावते तशी.

इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं.

मी डिकी उघडली. बटण वर. दाबलं, गाडी सुरू केली, डिकी पुन्हा लावली. खात्री करायला नाही, दुसरं काहीतरी निघावं म्हणून. पुन्हा बंद. तेव्हा मला तुझी ती सकाळ हातात आठवली, डोक्यात नाही. त्या सकाळी डिकी पहिल्या आपटीतच लागली होती. मी ती उघडून दुसऱ्यांदा आपटली. ती दुसरी आपट त्या जेवतानाच्या विनोदाला होती. तुझं पेट्रोल तोडलं ते मी, आणि त्यानंतर काही क्षणांतच मी दुसऱ्याला चोर ठरवून भाषण ठोकलं.

तो तेव्हा कुठे भिंतीपासून हलला. आला, बटण कुठे आहे ते मला विचारून दाबलं, मला गाडी सुरू करायला सांगितली. मग डिकीच्या पत्र्यावर दोन्ही तळवे ठेवून सावकाश भार दिला. खट् झालं. इंजिन चालूच राहिलं. 'लागते हळू,' तो म्हणाला. 'मी नेहमी अशीच लावतो.' ही डिकी आपटल्याशिवाय लागतच नाही असं मी तुला आणि तुझ्यानंतरच्या कितीतरी शिकाऊ बायकांना सांगत आले, ठिणगी.

मला वाटलं आता तो बोलेल. बोलावं असंही वाटलं. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तर सगळी वाक्यं सभेतली निघायला लागली, 'माणूस चुकतो', 'सत्य कितीही झाकलं तरी'. माझीच मला किळस आली. शेवटी तोच म्हणाला, 'आई, तिला तुम्ही काही सांगू नका. तुमच्या सांगण्यावरून ती गेली. तुमच्या सांगण्यावरून परत यायला नको.' आणि मग, माझ्याकडे न बघता, 'तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिने विचारलंच नाही.' त्याचं खरं दुखणं तिथे आहे. मी काय ओरडले त्याचं त्याला फारसं काही नाही, बायको लांब जातेय त्याचंही नाही. पण तुला न विचारता ठरवायला कोणी शिकवलं, हे त्याला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

मग म्हणाला, 'मला गाडी शिकवा. मी स्वतः जाईन.' लग्नाआधी एकदा शिकायला आला होता, आठवतं? मी इतकी ओरडले की चौथ्या दिवशी पायी घरी गेला होता. या वेळी मी ओरडले नाही. पण 'तुम्ही' सोडवेना. 'क्लच सोडा, हळू सोडा, अहो, ब्रेक दाबा' एवढं होईपर्यंत गाडी फुटपाथवर. तो घाम पुसत म्हणाला, 'आई, शिकवताना तरी तू म्हणा. ब्रेक दाबा म्हणेपर्यंत भिंत येते. नुसतं दाब म्हणालात तर वेळेत थांबेन.' मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले ते थांबेनात. मी त्याला आयुष्यात एकदाच 'तू' म्हटलं होतं, अंगावर चिखल फेकावा तसं. तोच शब्द तो माझ्याकडून साधा करून मागत होता. आता म्हणते. 'वळव रे,' म्हणते, 'आरशात बघ की गाढवा,' म्हणते. पहिल्या परीक्षेत नापास झाला. गाडी मागे घेताना आरसा सोडून मान वळवून वळवून बघत बसला. चष्मेवाला, आणि काचेवर भरवसा नाही! दुसऱ्यांदा पास झाला.

त्या शिकवण्याच्या दिवसांतच तुझा तो खोलीचा फोन आला. म्हणजे 'शाब्बास' म्हणाले तेव्हा मला सगळं माहीत होतं. त्याने सांगू नका म्हटलंय, ही सबब हाताशी होती, पण सबबच ती. सबब नसती तरी मी तेच म्हणाले असते, कारण कोणी मुलगी मी निघाले म्हणाली की माझ्या तोंडून तो शब्द आपोआप निघतो. मी ऐकतच नाही ती कुठून निघाली आणि कशासाठी. फोन ठेवला आणि तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. तरी पुन्हा फोन केला नाही. नंतर तुझ्याशी कितीदा बोलले, जेवलीस का विचारलं, मिशीवाल्याची चौकशी केली, आणि हे एक सोडून सगळं बोलले.

गेल्या बैठकीत मात्र मी धीर केला. उभी राहिले आणि सांगितलं की ती गोष्ट खोटी होती, त्या माणसाने काही केलं नव्हतं, डिकी मी आपटली होती, पेट्रोल माझ्या हाताने बंद पडलं. आणि टाळ्यांचा पाऊस. त्यांना वाटलं हेही उदाहरणच आहे! आपणच आपल्या मुलींच्या वाटेत कसे येतो, वगैरे. मी 'अहो, खरंच आपटली' म्हणाले तर आणखी टाळ्या. शिवणवाल्या काकू बाहेर पडताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, 'आजचं उदाहरण तर फारच छान होतं.' त्यांना जिन्यात अडवून, टॉर्च, चष्मा, बटण सगळं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला. आता बाकीच्यांच्या घरी एकेकीकडे जातेय. एकेकटीला बसून सांगितलं की टाळ्या वाजत नाहीत. तुला फोन न करता पत्र लिहिलं तेही त्यासाठीच. फोनवर माझा आवाज चढला असता, आणि तू लहानपणापासून माझ्या आवाजालाच हो म्हणत आलीस.

काल तू सांगितलंस की खोली मिळाली, रविवारी दुपारी सामान हलवायचंय, आणि त्याला शनिवारी फोन करून सगळं संपवून टाकणार. तुला माहीत नाही, पण रविवारी सकाळी तो निघतोय, एकटा, तुझीच गाडी घेऊन. मला सांगायची बंदी आहे आणि मी त्याचा शब्द मोडतेय. पण तो वाटेत असताना तुझं आधीच ठरलेलं असावं, आणि तेही माझ्या भाषणावरून, हे मला सहन होणार नाही. कुरियरवाला शुक्रवारी पोचेल म्हणतो. तू परत जा असं मी म्हणत नाही. जाऊ नकोस असंही म्हणत नाही. नोकरी तर सोडूच नकोस, ती सोडलीस तर मी स्वतः येऊन कान पिळीन. तुझं तू ठरव, फक्त शनिवारचा फोन करू नकोस. रविवारी डेपोच्या फाटकाशी उभी राहा आणि त्याला माझाच प्रश्न विचार, त्या संध्याकाळी डिकीत काय करत होतास. तो सावकाश बोलतो. मी थांबले नव्हते, तू थांब. मग डाव्या बाजूच्या अस्तराआड हात घाल, डबी मी होती तिथेच ठेवली आहे. ती सैल पट्टी मी घट्ट केलीय, आता कोणी कितीही आपटली तरी गाडी बंद पडणार नाही. तरीही डिकी तू लावू नकोस. तुझा हात माझ्यावर गेलाय. त्याला लावू दे.

तुझीच,
आई